‘ग्यांदा’ हे नाव आम्ही ठेवले नव्हते

प्रति,
माननीय जन्म-मृत्यू निबंधक, उपनिबंधक
आणि नोंदणीच्या खिडकीपलीकडे बसणारे सर्व कर्मचारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : मुलांच्या नावांचे स्पेलिंग

महोदय, महोदया,

माझ्या मुलीचे नाव ज्ञानदा आहे. तिच्या जन्मदाखल्यावर ‘ग्यांदा’ असे छापले आहे.

प्रश्न या एका दाखल्यापुरता असता तर मी त्या एका कार्यालयालाच अर्ज केला असता. तसे अर्ज करूनही झाले आहेत. पण मी मोशीतल्या एका शाळेच्या कार्यालयात काम करते. जानेवारीपासून जूनपर्यंत प्रवेशाची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात आणि दरवर्षी अशी मुले दिसतात, ज्यांचे घरातले नाव एक, जन्मदाखल्यावरचे दुसरे आणि आधार कार्डावरचे तिसरे असते. नाव तेच, पण प्रत्येक ठिकाणी निराळे लिहिलेले. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना, उघडपणे लिहिते आहे.

आधी आमच्या घरची हकीकत सांगते. देहूहून आळंदीला जाणारी इंद्रायणी आमच्या मोशीवरून जाते. माझे सासरे वारकरी. नातीचे नाव काय ठेवायचे यावर घरात फार चर्चा झालीच नाही. त्यांनी ‘ज्ञानदा’ म्हटले आणि सगळ्यांना ते पटले. बाळंतपण माझ्या माहेरी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाले होते. बाराव्या दिवशी बारसे झाले, आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितले. दवाखान्याने जन्माची नोंद नावाशिवाय कळवली होती. काही दिवसांनी माझे यजमान चाकणहून रजा टाकून आले आणि नाव लावायला तिथल्या कार्यालयात गेले. त्यांनी चिठ्ठीवर मराठीत ‘ज्ञानदा’ लिहून दिले. पलीकडच्या कर्मचाऱ्याने इंग्रजी रकान्यात जी-वाय-ए-एन-डी-ए टंकले, शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटले, शिक्का बसला, कागद हातात आला. यजमानांनी तारीख पाहिली, आईवडिलांची नावे पाहिली. बाळाचे नाव चिठ्ठीवर लिहूनच दिले होते, त्यामुळे ते पुन्हा वाचले नाही. रात्रीच्या गाडीने त्यांना परतायचे होते, दुसऱ्या दिवशी शिफ्ट होती.

चूक लक्षात आल्यावर मी स्वतः गेले. मला सांगण्यात आले, ‘उच्चार तर तोच होतो ना.’ मी म्हटले, होत नाही. तेव्हा सांगण्यात आले, ‘मग हा नावात बदल आहे. राजपत्र करून आणा.’

या ‘बदल’ शब्दाबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे.

राजपत्रात जुने नाव आणि नवे नाव असे दोन्ही छापतात. म्हणजे माझ्या मुलीचे जुने नाव ग्यांदा होते आणि आम्ही ते बदलून ज्ञानदा केले, असे शासनाच्या कागदावर कायमचे नोंदले जाईल. हे खरे नाही. ग्यांदा हे नाव तिला कोणी दिले नाही, आत्याने ते तिच्या कानात सांगितले नाही, त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. ते फक्त एका यंत्रात, एका दुपारी तयार झाले. जे नाव कधी नव्हतेच ते ‘जुने नाव’ म्हणून मी प्रतिज्ञापत्रावर कसे लिहू?

खरा बदल कसा असतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुलगी नको होती म्हणून ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे मिळालेल्या २८० हून अधिक मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून नवी नावे देण्यात आली. तिथे जुने नाव होते, ते नकोसे होते आणि ते बदलले. त्या वेळी यंत्रणा स्वतः मुलींपर्यंत गेली. आमच्या बाबतीत बदलण्यासारखे काहीच नाही. दिलेले नाव लिहिले गेले नाही, एवढेच झाले आहे. कायद्यातही हा फरक आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ ने नोंदीतली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार निबंधकालाच दिला आहे. मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहायची आणि तारीख घालून सही करायची. आपल्या हातात असलेला हा अधिकार वापरण्याऐवजी आपण आईबापांना राजपत्राचा रस्ता दाखवता, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

आता स्पेलिंगकडे येते. एका नावाची दोन-तीन स्पेलिंगे चालतात, त्यात एवढे काय, असे पुष्कळांना मनापासून वाटते. मलाही शाळेत नोकरी लागेपर्यंत तसेच वाटत होते.

‘ज्ञ’ हे अक्षर घ्या. आपण मराठी माणसे त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, म्हणून आळंदीच्या ज्ञानेश्वर माउलींचे नाव इंग्रजीत लिहिताना आपण डी-एन-वाय ने सुरुवात करतो. हिंदी भाषक तेच अक्षर ‘ग्य’ असे म्हणतात आणि जी-वाय लिहितात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मोशीत मात्र दोन्ही एकाच वर्गात बसतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमचे गाव फार बदलले. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसे इथे घरे करून राहिली. लातूर, बीड, जळगाव, यवतमाळ इथली आहेत, तशी बिहार-उत्तर प्रदेशातलीही आहेत. इथल्या ज्ञानेश्वरला जी-वाय लावणे जितके चूक, तितकेच बिहारच्या ज्ञानेंद्रला डी-एन-वाय लावणे चूक. खिडकीतला माणूस आपल्या कानाच्या सवयीने लिहितो. त्याने एकदा विचारले तर दोन्ही मुलांना आपापले नाव मिळेल.

‘ऋ’ चेही तेच. मराठीत आपण ऋतुजा म्हणताना ‘रु’ म्हणतो, अमृता म्हणतानाही ‘म्रु’. इंग्रजीत तिथे यू येतो. हिंदीच्या वळणाने तिथे आय येतो. आय लावलेले इंग्रजी नाव पुन्हा मराठीत वळवले की ‘रितुजा’ उमटते. मग शाळेत बाई ‘ऋतुजा’ म्हणून हजेरी घेतात आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी तिला सांगतात, बाळ, तुझे नाव रितुजा आहे. अ आणि आ यांना इंग्रजीत एकच ए. त्यामुळे रुद्र परत येताना ‘रुद्रा’ होतो, शौर्य ‘शौर्या’ होतो, अनय नावाचा मुलगा एका जादा ए मुळे ‘अनया’ ही मुलगी होतो. देवनागरीत ही नावे स्पष्ट होती. गोंधळ सुरू होतो तो इंग्रजी रकाना आधी भरून मराठी त्यातून काढल्यामुळे.

इंग्रजी कागदाने मराठी नावाचे काय होते, हे आपल्या इतिहासात फार ठळक दिसते. साताऱ्याच्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला गेले आणि इंग्रजांच्या दप्तरात एस-सी-आय-एन ने सुरू होणारे झाले. आज कितीतरी लोकांना शिंदे आणि सिंदिया हे एकच आडनाव आहे हे सांगावे लागते. बडोद्याच्या गायकवाडांचे स्पेलिंग आपल्याकडच्या गायकवाडांपेक्षा वेगळे राहिले. खडकीची ‘किरकी’ झाली आणि १८१७ ची लढाई इंग्रजी पुस्तकांत त्याच नावाने गेली. राजघराण्यांचे स्पेलिंगवाचून काही अडले नाही, त्यांना ओळख पटवायला आधार कार्ड दाखवावे लागत नव्हते. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचे मात्र अडते. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. पहिल्या ठेकेदाराच्या माणसाने त्यांच्या नावात एक एच गाळला. पुढे आईच्या आजारपणासाठी पीएफमधून पैसे काढायची वेळ आली, तेव्हा नाव जुळेना. पैसे मिळेपर्यंत त्यांनी उसनवारी केली. पुढे मुलाच्या बारशानंतर ते नोंदणीच्या खिडकीशी अर्धा तास उभे राहिले आणि प्रत्येक अक्षर स्वतः वाचून मगच कागद घेतला. मागच्या रांगेतले लोक चिडले होते, असे त्यांनी सांगितले.

आणि आता या कागदाचे वजन पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचा शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, या सगळ्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा जन्मदाखलाच. माझी मुलगी त्याआधी जन्मली. पण त्यानंतर जन्मलेली मुले या कायद्यातली आहेत. त्यांच्या बाबतीत आधी शाळेचा दाखला काढू, मग बघू, अशी सोय उरलेली नाही. तुमच्या खिडकीवर जे टंकले जाईल तेच पुढे सगळीकडे जाणार. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येते. त्यातली एक संधी मुलाला बोलता येण्याआधीच दुसऱ्याची चूक निस्तरण्यात जावी, हे मला योग्य वाटत नाही.

शिवाय मार्च २०२४ मध्ये शासनाने ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदांवर स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. या निर्णयाचा मला मनापासून आनंद आहे. पण आता एका नावात चार नावे झाली आणि चुकायला चार जागा झाल्या. आईच्या नावाची तर वेगळीच अडचण आहे. आपल्याकडे कित्येक मुलींचे लग्नात पहिले नावच बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात आणि सासरी ते चालू होते. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, शिधापत्रिका सासरच्या नावाची. अशा बाईला ‘आईचे नाव?’ एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या कागदावर कोणते आहे, पुढे कोणते ठेवायचे आहे, हे दोन मिनिटे थांबून विचारावे लागते.

इथे पालकांच्या बाजूने होणाऱ्या चुकाही लपवत नाही. अंकशास्त्र सांगणाऱ्याने सांगितले म्हणून नावात दोन ए, एक जादा ई, शेवटी एच असे घालून आलेले अर्ज मी पाहते. त्या आईबापांचा तो हक्क आहे, पण ते अक्षर मुलाला जन्मभर सांगत फिरावे लागेल, हे मी त्यांना सांगते. मराठीतही तसेच. नील आणि ईश मिळून नीलेश होते, दिवा या अर्थाचा दीप दीर्घ आहे, सुनीलमधला नी दीर्घ आणि अनिलमधला नि ऱ्हस्व. असे असूनही निलेश, दिपक, सुनिल, अनील ही रूपे इतकी रुळली आहेत की आता ती चूक म्हणायची की त्या माणसाचे नाव, हा प्रश्न पडतो. माझे मत विचाराल तर ते त्या माणसाचे नाव आहे. शुद्धलेखनाचे नियम भाषेसाठी आहेत. माणूस स्वतःचे नाव जसे लिहितो तसे ते मानावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलाच जात नसे आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या नोंदी त्याच लिपीत आहेत. म्हणून खिडकीवरच्या माणसाने नाव ‘सुधारून’ही लिहू नये. दीपक की दिपक, एवढे विचारावे, वडील सांगतील ते लिहावे.

तुमच्या कामाचा ताण मला माहीत नाही असे नाही. आमच्याही शाळेत प्रवेशाच्या दिवसांत रांग फाटकापर्यंत जाते, सर्व्हर बंद पडतो, लोक ओरडतात. मीसुद्धा कानावर विसंबून नावे टंकत होते. ज्ञानदाच्या दाखल्यानंतर मी एक पद्धत लावून घेतली. पालकांनी मराठीत नाव स्वतःच्या हाताने लिहायचे, त्याखाली इंग्रजी स्पेलिंग सुट्या अक्षरांत लिहायचे. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना मी पर्याय वाचून दाखवते आणि उच्चार करून विचारते. टंकून झाले की पडदा त्यांच्याकडे वळवते. ‘वाचा’ म्हणते. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाला वाचायला लावते. मग कागदावर सही घेते आणि तो कागद मुलाच्या फाइलमध्ये ठेवते. एका मुलामागे मिनिटभर जादा लागतो. या पद्धतीनंतर मी टंकलेल्या नावाची दुरुस्ती मागायला कोणी परत आलेले नाही.

हेच मी तुमच्याकडे मागते. शिक्का मारण्याआधी कच्ची प्रत पालकांच्या हातात द्या. मराठी नाव आधी टंका आणि इंग्रजी त्याच्या मागून येऊ द्या. यंत्राने उमटवलेले नाव माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. पालकांनी लिहून दिलेली चिठ्ठी टाकून देऊ नका, ती नोंदीसोबत जपून ठेवा. पुढे वाद झाला तर चूक कुणाची हे त्या चिठ्ठीवरून कळेल आणि चूक कार्यालयाची निघाली तर दुरुस्ती त्याच दिवशी, कलम १५ खाली, पालकांना आणखी कोणताही कागद न मागता व्हावी.

आणखी एक मागणे आहे, ते तुमच्याहून वरच्या अधिकाऱ्यांनी वाचावे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, हे ठीक आहे. पण पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. मोशीतल्या निम्म्याअधिक बायकांची माहेरे शे-दोनशे कोसांवर असावीत, असे मला आमच्या शाळेतल्या कागदांवरून वाटते. एका अक्षरासाठी नांदेडला किंवा यवतमाळला जायचे म्हणजे येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात आणि साहेब रजेवर असले तर तिसरा. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचे तेवढे खाडे पडतात, तेवढ्या दिवसांचा पगार जातो. आता नोंदी संगणकावर आहेत. मोशीत राहणाऱ्या आईने दुरुस्तीचा अर्ज जवळच्या नोंदणी कार्यालयात द्यावा, तिथे तिची कागदपत्रे तपासली जावीत आणि मूळ निबंधकाने आपल्या कार्यालयातूनच दुरुस्ती करून पाठवावी, अशी सोय करा.

हे अशक्य नाही. जपानमध्ये कुटुंबाच्या नोंदवहीत नावे चिनी चिन्हांत लिहितात आणि एकाच चिन्हाचे अनेक उच्चार होतात. मे २०२५ पासून तिथे नावाचा उच्चारही कायद्याने नोंदवायला सुरुवात झाली. त्यासाठी नगरपालिकांनी नागरिकांना पत्रे पाठवली, तुमच्या नावाचा उच्चार आमच्याकडे असा धरला आहे, चूक असेल तर कळवा. आपले काम त्याहून सोपे आहे. आपल्या लिपीत नाव उच्चारासकट लिहिता येते. ते रोमन अक्षरांत नेताना एवढेच विचारायचे आहे, बरोबर आहे का?

माझे सासरे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना मी दाखला दाखवला नव्हता, पण एकदा कागद शोधताना त्यांच्या हाती लागला. त्यांनी नाव वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचले आणि मला विचारले, ‘सूनबाई, ही कोण?’ मी सांगितले, आपलीच. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कागद घडी करून परत दिला.

येत्या जूनमध्ये ज्ञानदा पहिलीत जाईल. माझा दुरुस्तीचा अर्ज त्या कार्यालयात पडून आहे. त्याला जोडलेल्या कागदांत बारशाच्या पत्रिकेची छायाप्रत आहे, यजमानांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीची मात्र नाही, कारण ती त्याच दिवशी टाकून दिली गेली. पत्रिकेवर नाव स्पष्ट छापले आहे. ते वाचावे आणि तेच लिहावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
ज्ञानदाची आई
मोशी, जि. पुणे